कुसाखालचा चोखा

(मुकुंदवाडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चालक मंडळी माझ्याकडे आली तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की मी कामगार कायद्यांवर बोलावे. मी त्यांना म्हटले, कायद्यांवर मी बारा महिने गेटवर बोलतच असतो, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक ते ऐकून कंटाळलेले आहेत. वसंतात तरी मला दुसरे काही बोलू द्या. त्यांनी थोड्या अनमानाने होकार दिला. तेव्हा आज कायद्याचा विषय नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

मी विद्वान नाही, हे अगोदरच सांगून टाकतो. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. १९८८ साली गाव सोडून मी या मुकुंदवाडीत आलो, तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी आणि ओळखीच्या माणसाचा पत्ता एवढेच भांडवल होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. पुढे तेथे संप झाला, तो लांबला, हातांना काम उरले नाही, तेव्हा वाचू लागलो. संपाच्या मंडपात एका म्हाताऱ्या फिटरने घरून आणलेली एक पोथी होती, महिपतीबुवांचा ‘भक्तविजय’. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या या गृहस्थांनी तो ग्रंथ १७६२ साली लिहिला. आम्ही तो पाळीपाळीने वाचत असू. कोणी पुण्य लागावे म्हणून वाची, कोणी वेळ जावा म्हणून वाची. मला मात्र वाचताना एक खोड लागली. देवाने चमत्कार केला की पोथीतली गोष्ट संपते. मला तेथून पुढचे जाणून घ्यावेसे वाटे. देव आला, भक्ताच्या घरी जेवला, निघून गेला. ठीक आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो भक्त पाणी आणायला गेलाच असेल ना? तेव्हा पाणवठ्यावरची माणसे त्याला काय म्हणाली?

तीच माझी आजची शंका आहे. साध्या माणसाची कोणा अलौकिकाशी मैत्री जडली, तर त्या माणसाचे पुढे आपल्या गल्लीत, आपल्या भावकीत काय होते? अलौकिकाचे काय, तो आपल्या जागी सुखरूप असतो. विटेवर उभा असतो. हाल होतात ते ह्याचे.

या कथा इतिहास म्हणून मी सांगत नाही. विठ्ठल खरोखर जनीच्या जात्याला हात लावायला आला की नाही, हे मला कोणी कोर्टात शपथेवर विचारले तर माझी पंचाईत होईल. पण शेकडो वर्षे आपल्या आज्या-पणज्यांनी या कथा जशा सांगितल्या तशाच त्या का सांगितल्या, हा प्रश्न उरतोच. बाया-माणसे उगीच एखादी गोष्ट सहाशे-सातशे वर्षे सांभाळत बसत नाहीत.

आपल्या मराठवाड्यापासूनच सुरुवात करू. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच पंढरपुराला आली आणि नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, शेण-गोठा, पाणी, धुणे. कथा अशी, की एकदा विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसला. रात्री तिच्याच खोपटात राहिला आणि पहाटे काकड-आरतीची वेळ झाली तेव्हा घाईघाईने उठून गेला. जाताना आपले रत्नजडित पदक तेथेच विसरला, आणि शेल्याऐवजी जनीची वाकळ अंगावर घेऊन गेला. पुजाऱ्यांनी दार उघडले तर देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ आणि गळ्यातले पदक नाही. शोध सुरू झाला. संशय कोणावर? तर जनीवर. झडती झाली, पदक सापडले, आणि तिला सुळावर द्यायचे ठरले.

बायांनो, तुमच्यापैकी ज्या कॉलनीतल्या बंगल्यांत कामाला जातात त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बाईसाहेबांची अंगठी धुण्याच्या दगडावर राहते आणि झडती कोणाच्या पिशवीची होते? मोठ्या माणसाचा विसरभोळेपणा गरिबाला फार महाग पडतो. देव विसरला, यात देवाचे काही गेले नाही.

पुढे सुळाचे पाणी झाले आणि जनी वाचली. पोथी समाधान पावते. मी पुढचे पाहतो. दुसऱ्या दिवशी जनी नामदेवांच्या घरी भांडी घासायला गेलीच. देवाने जिच्या जात्याचा खुंटा धरला तिचे दासीपण सुटले नाही. अभंगाच्या शेवटी ती आपली ओळख सांगते ती नामयाची दासी म्हणूनच. मी यात नामदेवांना दोष देत नाही. मी एवढेच म्हणतो, की देव हाताखाली काम करून गेला तरी कामाच्या अटी बदलल्या नाहीत.

जनीची आणखी एक कथा आहे. कबीर तिची कीर्ती ऐकून भेटायला आला, तर ही बाई दुसऱ्या एका बाईशी गोवऱ्यांवरून कडाक्याने भांडत होती. (कबीर जनाबाईनंतर शंभरावर वर्षांनी झाले, पण पोथी असल्या हिशेबाला भीक घालत नाही.) गोवऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. कोणती कोणाची, हे कसे ओळखावे? जनी म्हणाली, कानाला लावून पाहा. जिच्यातून विठ्ठलाचे नाव ऐकू येईल ती माझी. ही गोवरीची गोष्ट ध्यानात ठेवा. मला पुढे ती लागणार आहे.

दुसरी तऱ्हा नामदेवांची. नामदेव म्हणजे देवाचा लाडका. लहानपणी त्याच्या हातून देवाने नैवेद्य खाल्ला, देव त्याच्याशी बोले, रुसे, हसे. आता अशा माणसाला सगळ्या संतमंडळींनी डोक्यावर घ्यावे ना? पण धाराशिवकडच्या तेर गावी गोरोबाकाकांच्या घरी मंडळी जमली तेव्हा मुक्ताबाईने कुंभाराचे थापटणे पाहिले आणि म्हणाली, काका, यांतली कोणती मडकी पक्की आणि कोणती कच्ची ते सांगा. गोरोबा थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र रागावला. मी देवाच्या जवळचा, मला कोण मारणार? गोरोबांनी निर्णय दिला, हे एवढे मडके कच्चे. नामदेव रडत पंढरपुराला गेला. तेथे देवाने काय करावे? देवाने त्याची बाजू घेतली नाही. काका म्हणतात ते बरोबर आहे, तू औंढ्या नागनाथाला जा आणि विसोबा खेचरांना गुरू कर, असे सांगून त्याला परत पाठवले.

या कथेत जो नामदेव आहे तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. कारण मी स्वतः एकदा तसे कच्चे मडके झालो होतो.

मी तिशीच्या आत असताना आमच्या कारखान्याच्या गेटवर सभेसाठी मुंबईहून एक फार मोठे पुढारी आले. नाव घेत नाही. सभा संपल्यावर कोणाकडे जेवायचे, असा प्रश्न निघाला आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, याच्याकडे. येथेच मागच्या गल्लीत माझी दहा बाय बाराची पत्र्याची खोली होती. बायकोने पिठले-भाकरी आणि ठेचा केला. पुढारी मांडी घालून जेवले, दुसरी भाकरी मागून घेतली. दाराशी ही गर्दी! लोक खिडकीतून पाहत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटले, आता आपले दिवस फिरले.

दिवस फिरले, पण ते असे. दुसऱ्या दिवशी बायको सार्वजनिक नळावर गेली. त्या काळी आपल्या भागात पाण्याची काय स्थिती होती आणि आज काय आहे, यावर वेगळे व्याख्यान होईल. पैठणला नाथांच्या घरी म्हणे श्रीखंड्या बारा वर्षे कावडीने पाणी भरत होता. अजून नाथषष्ठीला तेथला रांजण भरतात आणि तो भरून वाहिला की श्रीखंड्या येऊन गेला असे समजतात. आपल्याही नळाला पाणी त्याच पैठणचे, जायकवाडीचे. पण आपला श्रीखंड्या रोज येत नाही, एवढे तुम्ही जाणताच. तर बायको रांगेत उभी राहिली, आणि पुढची बाई म्हणाली, “तुम्हाला कशाला रांग बाई? तुमच्याकडे मुंबईची माणसं जेवायला येतात. त्यांनाच सांगा की नळ आणून द्यायला.” सगळ्याजणी हसल्या. दोन महिने तिला कोणी हंडा उचलू लागले नाही. इकडे कारखान्यात सोबती मला ‘साहेब’ म्हणू लागले. आदराने नव्हे. मी डबा घेऊन बसलो की गप्पा थांबत. मीही थोडा फुगलो होतो, हे कबूल केले पाहिजे. कोणी वाद घातला की मी म्हणे, थांबा, मी वरती विचारून सांगतो. हे ‘वरती’ फार वाईट. माणसाला ते एकदा चिकटले की शेजारचा माणूस त्याला दिसेनासा होतो.

पुढे एका कामासाठी मी मुंबईला त्या पुढाऱ्यांच्या घरी गेलो. दारावरच्या माणसाने मला चार तास बाकावर बसवून ठेवले. आत गेलो तेव्हा पुढाऱ्यांनी मला ओळखले नाही. ठेचा त्यांच्या लक्षात होता, म्हणाले, “हां, औरंगाबादचा तो ठेचा!” मी त्यांच्यावर रागावत नाही. हजारो घरी ते जेवले असतील. पण परत येताना गाडीत मला कळले, की मी आता तेथलाही नाही आणि येथलाही नाही. सहा महिने लागले मला पुन्हा गल्लीतला माणूस व्हायला. औंढ्या नागनाथाला मी गेलो नाही. आमच्या म्हाताऱ्या फिटरनेच माझ्या डोक्यावर थापटणे मारले. ते कसे, ते सांगत नाही. त्यात फारसे शोभण्यासारखे नाही.

आता चोखोबांकडे येतो. खरे म्हणजे त्यांच्यासाठीच मी एवढा वळसा घेतला.

नामदेवाला देवाच्या मैत्रीचा ताठा चढला. चोखोबांना तेवढी चैनही नव्हती. परंपरा त्यांचा जन्म देऊळगाव राजाजवळच्या मेहुणा राजा या गावी सांगते, म्हणजे आपल्या जालन्याच्या शेजारीच. आयुष्य गेले मंगळवेढ्याला. जात महार. काम कोणते? तर गाव सांगेल ते. मेलेले ढोर ओढायचे, वेशीवर राखण करायची, सांगावा पोचवायचा. घरात बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा. पाचहीजण अभंग रचणारे. लिहून कोण घेई? अनंतभट्ट नावाचे एक ब्राह्मण लिहून घेत, असे परंपरा सांगते. या अनंतभट्टांविषयी मला फार कुतूहल आहे. महारवाड्याच्या कडेला बसून एका महाराचे शब्द कागदावर उतरवून घेणाऱ्या त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या आळीत त्या संध्याकाळी काय ऐकून घ्यावे लागले असेल! पण त्याची पोथी कोणी लिहिली नाही.

देव चोखोबांचा कसा सोबती होता, याच्या कथा तुम्हाला ठाऊक आहेत. सोयराबाई बाळंत झाली तेव्हा चोखोबा घरी नव्हते, तर विठ्ठल नणंद निर्मळेच्या रूपाने येऊन तिचे बाळंतपण करून गेला. सुईणीचे काम, मंडळी! आपल्यात शेजारीण ते करते. राजाच्या घरी सेना न्हाव्याच्या ऐवजी हजेरी लावणारा हाच देव. बदली कामगार म्हणून याच्याइतका भरवशाचा दुसरा सापडणार नाही. आणि याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी बिदरच्या दरबारात धान्याचे पैसे भरायला गेला तो कोणाच्या वेषात? विठू महाराच्या. म्हणजे देवाला महार होता येत होते. महाराला देवाच्या दारात जाता येत नव्हते.

एके रात्री, कथा सांगते, देवानेच चोखोबांचा हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेले. दोघे बोलत बसले. आतून आवाज आला म्हणून पुजारी जागे झाले. सकाळी हलकल्लोळ. देव बाटला! चोखोबांनी हात जोडून सांगितले, मी आलो नाही, मला आणले. हे कोण ऐकणार? जो आणतो तो साक्षीला येत नाही. शिक्षा झाली: पंढरपुरात राहायचे नाही, चंद्रभागेच्या पलीकडे जा. गेले. पलीकडे त्यांनी दीपमाळ बांधली, असे म्हणतात. नदीच्या पलीकडून दिवा लावला की देवळातून दिसत असेल. याच्यापेक्षा जास्त त्यांच्या हातात काय होते?

पण कथा तेथेही संपत नाही. देव पलीकडे जाऊन चोखोबांच्या पंगतीला बसला. सोयराबाईच्या हातून दही सांडले ते देवाच्या पीतांबरावर. चोखोबा तिला म्हणाले, अगं, देवाच्या अंगावर दही सांडलेस. वाटेने जाणाऱ्या पुजाऱ्याने ते ऐकले, त्याला वाटले हा थट्टा करतो आहे, त्याने चोखोबांच्या मुस्कटात मारली. देवळात जाऊन पाहतो तर मूर्तीचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दही. ही कथा कीर्तनात सांगितली की लोक डोळे पुसतात. मी पुसले आहेत. पण मला सोयराबाईची आठवण राहते. जेवायला बोलावलेल्या पाहुण्यापायी तिच्या दारात तिच्या नवऱ्याच्या तोंडात बसली. पाहुणा उठून गेला. उष्टी तिने काढली.

आता मंगळवेढ्याचे कुसू. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. जे आत ते गावातले, जे बाहेर ते गावाबाहेरचे. ती भिंत बांधायला महारांना कामाला लावले होते. म्हणजे ज्यांना बाहेर ठेवायचे त्यांच्याच हातांनी ती उभी करायची. काम चालू असताना कुसू कोसळले आणि अनेकजण त्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. साल १३३८. देव त्या दिवशी भिंत धरायला आला नाही. पोथी येथे गडबडून जाते. मी याबद्दल पोथीला मान देतो. सुळाचे पाणी करणारी पोथी कुसापुढे गप्प राहिली. बांधकामावरचा अपघात म्हणजे काय हे त्या काळच्या लोकांना फार चांगले माहीत असले पाहिजे.

नामदेव निघाले सोबत्याची हाडे आणायला. ढिगाऱ्यात किती मजूर, किती हाडे! ओळखायची कशी? आणि येथे गोवरीची गोष्ट परत येते. हाड कानाला लावायचे. ज्यातून विठ्ठल ऐकू येईल ते चोख्याचे. त्यांनी ती हाडे पंढरपुराला आणली आणि महाद्वारासमोर समाधी झाली. पुढे नामदेवांनी त्याच महाद्वाराच्या पायरीची जागा स्वतःसाठी मागून घेतली, असे वारकरी मानतात. कच्चे मडके पक्के झाले ते कोठे, हे मला विचाराल तर मी सांगेन, त्या ढिगाऱ्यात वाकून हाडे कानाला लावताना.

मंडळी, येथे मला थोडे थांबले पाहिजे. हे मी पूर्वी कोठल्याही सभेत सांगितलेले नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा होता. शहरात एका बांधकामावरची कंपाउंडची भिंत रात्रीच्या पावसाने खचली आणि सकाळी कामावर आलेल्या तिघांच्या अंगावर पडली. मला निरोप आला, मी धावलो. दोघांचे नातेवाईक पोचले होते. तिसऱ्याला मी पाहताच ओळखले. चार वर्षे तो रोज संध्याकाळी आमच्या युनियनच्या खोलीवर येत असे. तो कारखान्यातला नव्हता, नाक्यावरचा बिगारी होता. त्याचा आमच्या युनियनशी तसा संबंध नव्हता. पण मी पेपर मोठ्याने वाचून दाखवीत असे, तो ऐकायला येई. कोपऱ्यात उकिडवा बसे. जाताना म्हणे, “साहेब, आज लई चांगलं वाचलं.” आम्ही सगळे त्याला मामा म्हणत असू.

पोलिसांनी मला विचारले, ओळखता का? मी म्हणालो, ओळखतो. त्यांनी वही उघडली. पूर्ण नाव? गाव? तालुका? मी उभा राहिलो. मला मामाचे नाव माहीत नव्हते. चार वर्षांत मी ते विचारले नव्हते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, हा आमचा नव्हेच. हजेरीपट पाहा, यात आहे का कुठे? हजेरीपटावर नाव नव्हते, हे खरेच. पण माझ्या तरी कोठल्या पटावर होते?

पुढाऱ्याच्या घरी चार तास बाकावर बसलो म्हणून मी पुष्कळ वर्षे लोकांना सांगत आलो होतो. आणि माझ्या खोलीच्या कोपऱ्यात बसणाऱ्याला मी काय दिले होते? पेपरमधल्या बातम्या.

शेवटी ओळख पटवली ती नाक्यावरच्या चहाच्या गाडीवरच्या बाईने. तिने त्याची तारेने बांधलेली चप्पल ओळखली. तिला एवढे ठाऊक होते, की सणाला तो अंबडच्या गाडीत बसतो. तेवढ्या धाग्यावर आम्ही दोघेजण अंबड तालुका हिंडलो. तिसऱ्या दिवशी घर सापडले. त्याच्या बायकोला मी माझे नाव सांगितले तेव्हा ती म्हणाली, “तुमचं नाव लई घ्यायचे वो ते घरी.” नामदेवांना हाडांतून जे ऐकू आले ते असेच काही असेल का, मला सांगता येत नाही. मला मात्र माझे स्वतःचे नाव ऐकू आले, आणि ते ऐकून मी तिच्यासमोर मान वर करू शकलो नाही.

भरपाईचा दावा चार वर्षे चालला. कायदा १९२३ सालचा होता, म्हणजे नवीन नव्हता. पण तो कामावर होता हे सिद्ध करायला कागद नव्हता. चहावालीची साक्ष झाली, इतर दोघांच्या घरच्यांची झाली, शेवटी पैसे मिळाले. किती मिळाले ते सांगण्यात अर्थ नाही. मामाचे पूर्ण नाव आता मला पाठ आहे. घरच्यांना ते सभेत घेतलेले आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

चोखोबांच्या मुलाविषयी दोन शब्द बोलतो. कर्ममेळा. बाप जन्मभर देवाचे आभार मानत गेला. मधूनमधून तक्रार केली, पण आवाज चढवला नाही. मुलाने चढवला. तुझ्या सोबतीचा आम्हाला काय उपयोग झाला, उष्टे खाऊनच जन्म काढायचा होता तर आम्हाला जवळ कशाला केलेस, अशा आशयाचे त्याचे अभंग आहेत. मी ते प्रथम वाचले तेव्हा दचकलो. नंतर वाटले, हे तर आपल्याच घरात चालले आहे. बाप तीस वर्षे एका शेठकडे राबला, शेठने दिवाळीला मिठाईचा पुडा दिला, लग्नात येऊन अहेर केला, म्हणून बाप त्याचे नाव काढतो. मुलगा विचारतो, आबा, प्रॉव्हिडंट फंड भरला होता का? बापाला वाटते, पोरगे कृतघ्न निघाले. मुलाला वाटते, बाप भाबडा. मला विचाराल तर दोघेही खरे बोलत असतात, आणि म्हणूनच त्या घरात रात्री कोणी नीट जेवत नाही.

आपल्या भागातली तरुण मंडळी मला म्हणतात, चोखोबांचे नाव आता कशाला काढता? पायरीपाशी पडून राहिलेल्या माणसाचा आदर्श आम्हाला नको. परवाच मिलिंद महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा माझ्याशी तासभर भांडला. १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेने ते महाविद्यालय या शहरात काढले नसते तर त्याचा आजोबा शिकला नसता. तेव्हा त्याला भांडायचा अधिकार पुरेपूर आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जो मार्ग घेतला तो पायरीपाशी थांबणारा नव्हता, हेही खरे. पण मी त्या मुलाला एक गोष्ट दाखवली. १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाविषयी बाबासाहेबांनी जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला तो त्यांनी तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. ज्या दाराकडे त्यांनी स्वतः पाठ फिरवली त्या दारातल्या माणसाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. मुलगा म्हणाला, “अर्पणपत्रिका वेगळी आणि आदर्श वेगळा.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजून शोधतो आहे.

दार उघडले ते कधी, हेही सांगून टाकतो. १९४७ साली साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढला आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण मांडले. १० मे रोजी मंदिर हरिजनांना खुले करण्याचे ठरून ते सुटले. १३३८ पासून मोजले तर सहाशे नऊ वर्षे. देवाने एका रात्रीत हात धरून आत नेले होते. सही-शिक्क्याने आत जायला एवढा काळ लागला. बडव्या-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क तर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपले. मैत्री आणि हक्क यांतले अंतर कोणाला मोजायचे असेल तर हे आकडे घ्या.

चालक मला घड्याळ दाखवीत आहेत. माझ्यानंतर भजनी मंडळ बसायचे आहे, त्यांचा वेळ मी खाणार नाही.

एकच गोष्ट राहिली. म्हणालो होतो कायद्यावर बोलणार नाही, पण एवढे बोलतो. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला, नोंदणीची सोय झाली. अठरा ते साठ वयाच्या ज्या मजुराने वर्षात नव्वद दिवस काम केले असेल त्याची नोंद होऊ शकते. त्या नव्वद दिवसांचा दाखला लागतो, आणि तो मिळवताना ठेकेदार तोंड फिरवतो, हेही मला माहीत आहे. तरी उद्या रविवारी सकाळी सात वाजता, माणसे कामावर उचलली जाण्याच्या आत, मी नाक्यावर चहाच्या गाडीपाशी वही घेऊन बसणार आहे. तुमच्या ओळखीचा कोणी बिगारी असेल, कोणी मामा, कोणी दाजी, कोणी नुसता ‘ए’ म्हणून हाक मारली जाणारा, त्याला घेऊन या. आधार कार्ड आणि दोन फोटो असले तर बरे. नसले तरी आणा. पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, एवढे मी स्वतः लिहून घेईन.